टोकन देऊन आले, मग मला सांगितलं

"ताई, आम्ही नाशिकच्या उपनगर भागात भाड्याने राहतो. मी नाशिकरोडला शाळेत शिकवते, हे अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. घरात सासू-सासरे आणि चौथीतला मुलगा. आता स्वतःचं घर घ्यायचं चाललंय. सासऱ्यांना म्हसरूळकडे प्लॉट हवाय. दीर म्हणतात, घ्यायचं तर गंगापूर रोडलाच. नणंदेने जेलरोडला जुना फ्लॅट बघितलाय, स्वस्त आहे, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. आणि ह्यांनी परवा पाथर्डी फाट्याच्या एका नव्या स्कीममध्ये बुकिंगचं ५१ हजार टोकन देऊन टाकलं आणि घरी येऊन मला सांगितलं. फ्लॅट ४६ लाखांचा आहे, कर्जाला माझाही पगार लागणार. शाळा सध्या स्कूटीवर दहा मिनिटांवर आहे. सासूबाई काहीच बोलत नाहीत. कुठे घेऊ?"
— उपनगरची एक सून

सूनबाई,

पत्र दोनदा वाचलं. सासऱ्यांना काय हवं, दिरांना, नणंदेला, नवऱ्याला काय हवं, सगळं व्यवस्थित लिहिलंयस. तुला कुठे राहावंसं वाटतं ते मात्र शोधूनही सापडलं नाही. फक्त एक वाक्य आहे, शाळा दहा मिनिटांवर असल्याचं, आणि तेही जाता जाता लिहिल्यासारखं. मी तिथेच थांबले.

दिरांचं आधी उरकते. गंगापूर रोड छानच आहे, नाही कोण म्हणतंय. पण पत्ता सांगताना बरं वाटणार त्यांना आणि हप्ते भरणार तुम्ही. त्यांना चहा दे, लाडू दे, विषय बदल.

सासऱ्यांच्या प्लॉटबद्दल जरा जास्त बोलते, कारण माझे हात त्यात पोळलेत. २००३च्या सिंहस्थाच्या आधी आम्हालाही एका एजंटाने हेच ऐकवलं होतं: "कुंभ झाला की भाव बघा मॅडम." आम्ही आडगावच्या पुढे दोन गुंठे घेतले. मग पुढची कितीतरी वर्षं दर दिवाळीला आमचा कार्यक्रम काय, तर बाभळी तोडायच्या आणि कोणी खुंट हलवलाय का ते बघायचं. सातबाऱ्यावर इतकी नावं होती की तलाठी हसला. २०१५चा सिंहस्थ आला आणि गेला, बाभळी तिथेच. आता २०२६-२७च्या नावाने तीच कॅसेट पुन्हा लागली आहे. प्लॉट वाईट असतो असं नाही, पण तो रिकाम्या पैशांनी घ्यायचा. भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरत, वर बांधकामाचे पैसे कुठून आणणार? सासरे स्वतःची पुंजी घालणार असतील तर त्यांनी जरूर घ्यावा. बिगरशेती झालेला, आणि वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून.

जेलरोडचा फ्लॅट. नणंदेने मनापासून शोधलाय, तिला दुखवू नकोस. पण तिसरा मजला लिफ्टशिवाय, आणि सासूबाई गप्प आहेत, या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बघते. माझ्या गुडघ्यांना विचारलंस तर सांगतील: बाईमाणूस एकदा वर चढली की भाजीला खाली उतरत नाही, शेजारणीकडे जात नाही, देवळात जात नाही. सहा महिन्यांत ती त्या घरातलं फर्निचर होते. शिवाय बिल्डिंग दसकच्या बाजूला, गंगेजवळ म्हणजे आपल्या गोदावरीजवळ असेल तर पूररेषा तपासायलाच हवी. २०१९च्या ऑगस्टमध्ये नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तो आपण सगळ्यांनी मोबाइलवर बघितला, पण पाणी फक्त रामकुंडावरच चढत नाही. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. राजीव गांधी भवनात नगररचना विभागात नकाशा दाखवतात. नाही गेलीस तर निदान त्या गल्लीतल्या किराणावाल्याला विचार, २००८ला आणि २०१९ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

आता पाथर्डी फाटा. नवऱ्याच्या बाजूने बघितलं तर चूक काही नाही, अंबड हाकेच्या अंतरावर. तुझ्या बाजूने बघ. सकाळची शाळा असेल तर सातच्या आत पोहोचायचं, कदाचित मुलालाही सोबत घेऊन. एक रस्ता इंदिरानगर, द्वारकावरून. द्वारका चौकातल्या कोंडीबद्दल नाशिककराला मी काय सांगू! दुसरा वडनेर, विहितगावकडून, मळ्यांमधून. पावसाळ्यात आणि अंधारात तो बाईने स्कूटीवर एकटीने रोज करायचा, आणि बिबट्याच्या बातम्या त्याच बाजूच्या. ह्यांना कंपनीची बस आहे का, ते तू लिहिलं नाहीस. असेल तर त्यांना उपनगरहून अंबड आज जमतंय तसंच पुढेही जमेल. तुझ्यासाठी कोणी बस पाठवणार नाहीये.

तरी तिथेच घ्यायचं ठरलं, तर त्या ४६ लाखांवर जरा थांब. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी लागतो. नाशिकसारख्या शहरात घर ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ९० चौरस मीटरच्या आत असेल तर एकच टक्का. म्हणजे ४६ लाखांवर २ लाख ३० हजार, आणि ४५वर ४५ हजार. बिल्डरने एक लाख सोडले तर तुमचे एकूण २ लाख ८५ हजार वाचतात. पार्किंग वगैरे सगळं धरून ४५च्या आत बसलं पाहिजे, नाहीतर वरून लावतात आणि सगळं मुसळ केरात. ब्रोशरमधला "साडेनऊशे फूट" हा सेलेबल असतो, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून; महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर त्या प्रकल्पाचं पान उघडून कार्पेट किती ते बघ, आणि ताबा कधीचा लिहिलाय तेही. करारनामा रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत, तेव्हा टोकनच्या पाठोपाठ "चेक आणा" असा फोन आला तर घाई नको.

नावाचं बोलू. कोणीतरी नक्की सांगेल की फक्त बाईच्या नावावर केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. खरं आहे, आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर केलं तर ती मिळत नाही. मी तरी दोघांच्याच नावावर करा म्हणेन, पंचेचाळीस हजारांसाठी घरात नवीन रामायण नको. पण उलटं होऊ देऊ नकोस: कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून तुझी सही आणि खरेदीखतात तुझं नाव नाही, असं. बँकेत टेबलावर कागद पुढे सरकवतात तेव्हा लाजून सही करायची आपल्या बायकांना सवय आहे. त्या वेळी चष्मा घाल आणि वाच.

आणि यादीत नसलेलं एक सुचवते. तुम्ही राहता त्याच पट्ट्यात, उपनगर ते नाशिकरोड, दहा-बारा वर्षं जुन्या, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगीत रिसेलचा फ्लॅट कोणी बघितलाच नाही. नव्या रंगाचा वास नाही, क्लबहाउस नाही, म्हणून असेल. पण पूर्ण झालेल्या घराला जीएसटी नाही, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर येतो का हे वॉचमनला आजच विचारता येतं. महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, एवढं बघायचं. रेल्वेचा आवाज येईल थोडा. तो तुम्हाला आधीच सवयीचा आहे.

सासूबाईंना मात्र सगळ्यांसमोर विचारू नकोस, त्या "तुम्ही ठरवाल ते" म्हणतील. दुपारी भाजी निवडताना विचार, की तुमची कोणती मैत्रीण इथून सुटली तर चैन पडणार नाही. बघ काय येतं.

नवऱ्याशी भांडायचं तर एकदाच, आणि टोकनवरच भांड, एरियावर नको. मग पावतीवर मागच्या बाजूला काय छापलंय ते दोघांनी मिळून वाचा, पैसे परत मिळण्याची मुदत बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरांत असते. द्यायला ते एकटे गेले होते, आणायला दोघं जा.

— तुझी ताई