चीन समजून घ्यायला कोणती पुस्तकं वाचावीत? (ऑक्टोबरमध्ये बायकोसोबत बीजिंग, शीआन, शांघायला चाललोय, गाईडबुक नकोय)

आधी एक बिनपुस्तकी सल्ला, १ ऑक्टोबरला त्यांचा राष्ट्रीय दिन असतो आणि त्या आठवड्यात अख्खा देश फिरायला बाहेर पडलेला असतो, तिकिटं काढली नसतील तर तो आठवडा टाळा.

आता पुस्तकं. मी फिरायला नाही, कामासाठी गेलो, मोल्डच्या (साच्यांच्या) ट्रायलसाठी निंगबो या शहरात तीनदा. पहिल्या वेळी 'चिनी शिष्टाचार' टाइपचं एक पुस्तक वाचून गेलो होतो, कार्ड दोन्ही हातांनी द्या, चॉपस्टिक भातात उभ्या खुपसू नका वगैरे. चूक काही नाही त्यात पण हे दोन दिवसांत बघून बघूनच कळतं. मला कळत नव्हतं ते वेगळंच, की मेट्रोत जो माणूस मला कोपराने ढकलून आत घुसतो तसलाच माणूस संध्याकाळी जेवायला नेल्यावर मला पाकिटाला हात लावू देत नाही, टॉयलेटला जातो सांगून गुपचूप काउंटरवर बिल भरून येतो. हे एकाच माणसात कसं काय?

याचं उत्तर मिळालं फेई श्याओथोंगच्या 'फ्रॉम द सॉइल' मध्ये. हा समाजशास्त्रज्ञ, पुस्तक १९४०च्या दशकातलं, छोटंसं. तो म्हणतो पाण्यात दगड टाकला की जसे तरंग उठतात तशी चिनी माणसाची नाती असतात, मध्ये तो स्वतः, मग घरचे, मग गाववाले, आणि जितकं लांब जाल तितका तरंग पुसट. मेट्रोत मी तरंगाच्या पार बाहेर होतो, जेवणाच्या टेबलावर आत आलो, एवढाच फरक. ते ग्वानशी ग्वानशी म्हणतात ना, ज्याला आपण नुसतं ओळख किंवा वशिला म्हणून मोकळे होतो, तेही यातूनच कळतं. थोडं जड आहे पण पहिली चार-पाच प्रकरणं वाचलीत तरी पुरे.

सगळ्यात आवडलेलं मात्र यू ह्वाचं 'चायना इन टेन वर्ड्स'. लेखक आधी दाताचा डॉक्टर होता. दहा शब्द घेतलेत आणि प्रत्येकावर एक प्रकरण, जनता, नेता, वाचन, विषमता असे. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६ ते ७६) पुस्तकं मिळायची नाहीत, चोरून हातोहात फिरणाऱ्या कादंबऱ्यांची पुढची मागची पानं फाटलेली असायची, शेवट कळायचा नाही म्हणून हा पोरगा रात्री पडल्या पडल्या स्वतःच शेवट रचायचा. त्यातला शेवटचा शब्द हूयौ, म्हणजे आपल्याकडचं टोपी घालणं. ते प्रकरण वाचून मार्केटमध्ये घासाघीस करायला जा, मजा येईल.

आधुनिक चिनी साहित्यातला मोठा लेखक लू शुन, त्याची 'खोंग ईजी' ही गोष्ट चुकवू नका, पाच-सहा पानांची आहे फक्त, १९१९ची. जुन्या काळची सरकारी परीक्षा पास न झालेला एक शिकलेला माणूस, गुत्त्यात मजुरांच्या बरोबर उभा राहून पितो पण अंगातला पंडिताचा लांब झगा काही सोडत नाही. पोरांना बडीशेपेच्या चवीचे पावट्यासारखे दाणे एकेक देतो आणि मग बशीवर हात झाकून म्हणतो आता फार नाही उरले. शेवटी त्याची १९ पैशांची उधारी फळ्यावर तशीच राहते. २०२३मध्ये चीनमधल्या बेकार ग्रॅज्युएट पोरांनी हाच झगा इंटरनेटवर उचलला, की आमची डिग्री म्हणजे खोंग ईजीचा झगा, काढताही येत नाही आणि घालून कामही मिळत नाही. (इंजिनिअरिंग करून घरी बसलेल्या माझ्या चुलत भावाला हे सांगितलं तर तो हसलाच नाही.) लू शुनचं गाव शाओशिंग निंगबोहून ट्रेनने जवळच, तिथे गोष्टीतल्या नावाचं हॉटेल आहे, बाहेर खोंग ईजीचा पुतळा. ते दाणे मी खाल्ले, गरम करून देतात ती तांदळाची पिवळी दारूही घेतली. दाणे चिवट निघाले, दारू बरी होती.

खाण्यासाठी फ्युशा डनलॉपचं 'शार्क्स फिन अँड सिचुआन पेपर' आहे, बाई छंगदूच्या पाकशाळेत शिकलेली. शाकाहारी असाल तर काही पानं सोडून द्या. पीटर हेसलरचं 'रिव्हर टाउन' पण मस्त, १९९६पासून दोन वर्षं यांगत्सेकाठच्या फूलिंगमध्ये मास्तर होता तो. बायकोला मराठीच हवं असेल तर मीना प्रभूंचं 'चिनी माती'.

आणि आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबद्दल काहीतरी वाचून जाच, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला १९३८ला चीनला गेले आणि १९४२ला तिथेच वारले. चिनीत त्यांचं नाव ख दीह्वा. मी फॅक्टरीतल्या एका म्हाताऱ्या फोरमनला हे नाव सांगितलं, माझा उच्चार भयानक, तिसऱ्यांदा त्याला कळलं, मग उठला आणि माझ्या थर्मासमध्ये स्वतः गरम पाणी भरून आणून दिलं.

एकच घ्यायचं असेल तर यू ह्वा घ्या, पण इथूनच घेऊन जा, ते पुस्तक मेनलँड चीनमध्ये छापलेलंच नाहीये.