वासराची हगवण: दूध तोडू नका, साखरपाणी पाजू नका

भाऊ, तुमची 9 दिवसांची संकरित कालवड कालपासून पिवळं पातळ हगते आहे, आणि शेजारचे काका म्हणतात, "दूध बंद कर, गूळपाणी पाज, पोट आपोआप बांधते." काकांनी मायेनंच सांगितलं असणार, पण या दोन्ही गोष्टी करू नका. मीही एकदा हेच ऐकलं होतं. कळमेश्वरकडे आमचा गोठा आहे. डिसेंबरच्या थंडीत एका गोऱ्ह्याचं दूध दोन दिवस तोडलं आणि साखर-मिठाचं पाणी पाजत राहिलो. तिसऱ्या पहाटे टॉर्च घेऊन गेलो तर तो पोत्यावर आडवा पडला होता, तोंड बर्फासारखं गार. डॉक्टर येईपर्यंत संपला. आजही कोणी दूध बंद केलं म्हटलं की तो डोळ्यांसमोर येतो.

हगवण लागलेलं वासरू बहुतेक वेळा जंतूंपेक्षा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं मरतं. वजनाच्या पाच टक्के पाणी गेलं तरी बाहेरून फारसं कळत नाही. आठ टक्क्यांवर डोळे आत जातात, त्यापुढे वासरू उठत नाही. तुमची कालवड 30 किलोची धरली, तर आठ टक्के म्हणजे जवळपास अडीच लिटर. तेवढं तर भरून काढायचंच, शिवाय हगवणीतून रोज जातं तेही.

आधी तिला नीट बघा. मानेवरची कातडी चिमटीत धरून पिळा आणि सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक, दोन-तीन सेकंद उभी राहिली तर पाणी कमी झालंय. डोळा आणि पापणीच्या मध्ये फट दिसते का पाहा. मग साबणानं धुतलेलं बोट तिच्या तोंडात घाला. जीभ गरम असेल आणि बोट जोरात ओढत असेल, तर घरी सांभाळता येईल. तोंड गार, ओढ नाही, मान टाकलेली असेल तर तोंडावाटे काहीही देऊ नका, तिला शिरेतून सलाईनच लागेल. कधी डोळे फारसे खोल नसतात तरी वासरू झिंगल्यासारखं पडून राहतं. रक्तात आम्ल वाढलेलं असतं. त्यावर सोड्याचं सलाईन लागतं, आणि ते डॉक्टरांचंच काम.

आता पाजायचं काय? इतक्या लहान वासराच्या आतड्यात साखर फोडणारा रसच नसतो. साखर आणि गूळ तसेच खाली उतरतात, सोबत पाणी ओढतात आणि हगवण वाढवतात. माणसाच्या लेकराला साखर-मीठ चालतं, वासराला नाही. मेडिकलमधून साधी ग्लुकोज पावडर आणा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज (चार चहाचे चमचे), अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा. चमचे सपाट घ्या, शीग नको. दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी असेल तर आणखी बरं, त्यात पोटॅशियमही असतं. डब्यातली गोड फळांची पेयं मात्र नकोत.

हे पाणी दीड-दीड लिटर, दिवसातून दोन-तीन वेळा, निप्पलच्या बाटलीनं पाजा. बांबूच्या नळकांड्यानं डोकं वर करून ओतू नका. ठसका लागून पाणी फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, आणि हगवणीतून वाचलेलं वासरू त्यात जातं.

दूध चालूच ठेवा. रोजचं तीन लिटर असेल तर चार वेळांत थोडं थोडं विभागून द्या. दूध आणि क्षारांचं पाणी यांत दोन तास अंतर ठेवा, कारण सोड्यानं पोटात दूध नीट विरजत नाही. फक्त पाण्यावर ठेवलं तर वासराला ताकद कुठून येणार?

अँटिबायोटिकची गोळी स्वतःहून देऊ नका. या वयात हगवण बरेचदा विषाणूनं किंवा एकपेशीय परजीवीनं होते, त्यावर ती चालत नाही. ताप 103 फॅरनहाइटच्या वर गेला, शेणात रक्त दिसलं किंवा बेंबी सुजली, तर डॉक्टरांना बोलवा. 1962 वर फोन केला तर फिरतं पथक येतं. वासरू गाडीत घालता आलं तर नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. वगार असेल, म्हणजे म्हशीचं पिल्लू, तर जंताचंही विचारा. तिला ते आईच्या दुधातूनच येतात.

तिला बाकीच्या वासरांपासून वेगळं, कोरड्या तणसावर ठेवा, पोतं पांघरा. तिचं काम सर्वांत शेवटी करा आणि हात साबणानं धुवा. यातले काही जंतू माणसांनाही लागतात, तेव्हा लेकरांना तिच्याजवळ खेळू देऊ नका. पुढच्या वेताला पहिल्या दोन तासांत दोन लिटर चीक पोटात गेलाच पाहिजे. खरवसासाठी उरला तरच काढा.

आत्ता उठून बोट तोंडात घालून बघा. ओढते का, आणि तोंड गरम आहे का, एवढं आज रात्रीच कळवा.