विकली न जाणारी जमीन आणि तिची भरपाई

अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांत ६७ अणुचाचण्या केल्या, बहुतेक बिकिनी आणि एनेवेटाक या प्रवाळद्वीपांवर. तिथल्या शेतजमिनीच्या भरपाईबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी चार घेतो.

प्रश्न : आपल्याकडे आसपासची खरेदीखतं पाहून दर काढतात. तिथे जमीन विकतच नाहीत, तर मोल कसं ठरवलं?

जमीन तिथे कुळाची असते आणि हक्क आईकडून चालत येतो. बेटाच्या आतल्या शांत पाण्यापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत जाणारी पट्टी म्हणजे ‘वेटो’. तिच्यावर प्रमुखाचा, कुळातल्या वडीलधाऱ्याचा आणि कसणाऱ्याचा असा तिघांचा हक्क. खरेदीखत मिळणार कुठून? म्हणून चाचण्यांचं नुकसान मोजणाऱ्या अणुदावे न्यायाधिकरणाने भाडं धरलं : देशात जमिनी ज्या दराने भाडेपट्ट्याने जातात, त्या दराने इतक्या एकरांचा इतक्या वर्षांचा वापर बुडाला. मला ही पद्धत न्याय्य वाटते, कारण मालकी कुळाकडेच राहते.

एनेवेटाकची मोजणी वाचताना मात्र मी थांबलो. मूळ जमीन सुमारे १,९१९ एकर. त्यातली ८१५ एकर वापरात परत आली, ९५० एकर आली नाही. उरलेली १५४ एकर स्फोटांत वाफ होऊन गेली. सातबारा असता, तर त्यावर काय लिहिलं असतं?

प्रश्न : इतकी वर्षं लोटली. तिथले नारळ अजून का खाऊ नयेत?

कोकणातल्या बागायतदाराला हे लगेच कळेल. नारळाला पालाश (पोटॅशियम) भरपूर लागतं आणि प्रवाळाच्या मातीत ते फार थोडं असतं. स्फोटांतून मातीत उतरलेलं किरणोत्सर्गी सीझियम-१३७ रासायनिक गुणांनी पालाशसारखंच, म्हणून भुकेलं झाड ते ओढून घेतं आणि फळात साठवतं. दर ३० वर्षांनी ते निम्मं होतं, पण त्याला धरून ठेवणारी चिकणमाती तिथे नाही. चाचण्यांसाठी हलवलेल्यांपैकी काही बिकिनीवासी १९७० च्या सुमारास परतले होते. स्थानिक अन्नातून अंगातलं सीझियम वाढत गेलं आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा उठवावं लागलं.

उपाय आहेत. वरची माती खरवडून काढता येते, पण तिच्याबरोबर सगळी झाडं आणि जो काही कस आहे तोही जातो. दुसरा उपाय म्हणजे पालाशयुक्त खत घालणं. पालाश पुरेसं मिळालं की झाड सीझियम फारच कमी घेतं. म्हणून घरांभोवतीची माती काढावी आणि बागांना खत द्यावं, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. पण खत पुन्हा पुन्हा घालावं लागतं, आणि त्याला पैसा लागतो.

प्रश्न : मग पैसा मिळाला का?

बिकिनीला २००१ मध्ये ५६ कोटी ३३ लाख डॉलर मंजूर झाले, तेही आधीची मदत वजा करून. त्यात वापर बुडाल्याचे २७ कोटी ८० लाख आणि जमीन पूर्ववत करण्याचे २५ कोटी १५ लाख. प्रत्यक्षात न्यायाधिकरणाकडून हाती आले सुमारे २३ लाख, म्हणजे शंभर डॉलरमागे चाळीस सेंट.

चूक मुळातच होती. मार्शल बेटांशी झालेल्या आणि १९८६ मध्ये अमलात आलेल्या करारात अमेरिकेने १५ कोटी डॉलरचा निधी दिला आणि सगळे दावे मिटल्याचं लिहून घेतलं. नुकसान मोजणारं न्यायाधिकरण बसलं १९८८ मध्ये. रक्कम आधी ठरली, मोजणी नंतर झाली! २००० मध्ये मार्शल सरकारने अमेरिकी काँग्रेसकडे वाढीव भरपाई मागितली, पण २००५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने तिला कायदेशीर आधार नसल्याचं कळवलं. बिकिनीवासी अमेरिकेच्या न्यायालयात गेले, तिथे तोच करार आडवा आला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

प्रश्न : बिकिनीवासीयांना बदली बेट दिलं होतं ना?

हो, १९४८ पासून किली. एक चौरस किलोमीटरही नाही, आणि भोवती शांत पाणी नाही. बिकिनीचे लोक दर्यावर्दी मासेमार. किलीला समुद्र खवळला की होडी लागत नाही. या हालअपेष्टांसाठी न्यायाधिकरणाने ३ कोटी ३८ लाख डॉलर वेगळे धरले. वरच्या ५६ कोटींत तेही आले.