थंडरबर्डची घडी बसवताना : वाचकांचे प्रश्न

थंडरबर्ड हे मोझिला परिवारातलं मुक्त स्रोत ईमेल सॉफ्टवेअर. त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. विंडोज, लिनक्स आणि मॅक, तिन्हींवर ते मोफत चालतं. मराठवाड्यातल्या वाचकांनी त्याबद्दल विचारलेल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

दुकानात एक कॉम्प्युटर आहे आणि घरी लॅपटॉप. दुकानात आलेलं मेल घरी दिसतच नाही. दोन्हीकडे खातं एकच आहे. (कृषी सेवा केंद्रचालक, परभणी जिल्हा)

तुमचं खातं ‘पॉप’ या मेल आणण्याच्या पद्धतीने जोडलेलं दिसतंय. पॉप मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेतं, आणि सर्व्हरवर, म्हणजे मेल सेवा देणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर, प्रत ठेवण्याची खूण केलेली नसेल तर तिथून काढून टाकतं. मग ज्या मशीनने आधी उतरवलं, मेल तिथेच राहतं. तुम्हाला ‘इमॅप’ ही दुसरी पद्धत हवी. त्यात मेल सर्व्हरवर राहतं आणि दोन्हीकडे सारखंच दिसतं.

पॉपचं खातं बदलून इमॅपचं करता येत नाही, तेच खातं इमॅपने नव्याने जोडावं लागतं. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९३ आणि जाणाऱ्यासाठी ४६५ किंवा ५८७, हे बहुतेक ठिकाणी चालतं. जुनं खातं लगेच काढू नका. त्यातली मेलं आधी नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, तीही थोडी थोडी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदम हजारभर मेलं ओढायला गेलात तर काम मध्येच अडकेल.

आमच्याकडे इमॅपच आहे. सगळी मेलं कॉम्प्युटरवर दिसतात. मग वेगळा बॅकअप कशाला? (कर सल्लागाराचं कार्यालय, जालना)

या गैरसमजापायी खूप जणांची मेलं जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इमॅप म्हणजे आरसा आहे. सर्व्हरवर जे असेल तेच इथे दिसणार. समजा, कार्यालयातल्या कुणी मोबाइलवर जागा होत नाही म्हणून एखाद्या अशिलाचा अख्खा फोल्डर उडवला आणि कचरापेटीही रिकामी केली. तुमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडला गेला की तिथूनही तो फोल्डर जाणार. नोटिशीला दिलेलं उत्तर, चलनाची पावती, सगळं त्याच्यासोबत.

त्यामुळे दोन कामं करा. पहिलं, थंडरबर्डमध्ये डावीकडे ‘लोकल फोल्डर्स’ असतं. त्यात आर्थिक वर्षाप्रमाणे फोल्डर करा आणि वर्ष संपलं की त्या वर्षाची मेलं तिथे कॉपी करा. ‘मूव्ह’ नको, ‘कॉपी’च. या फोल्डरांचा सर्व्हरशी काही संबंध नसतो.

दुसरं, प्रोफाइल फोल्डर जपा. मेलं, पत्त्यांची वही, फिल्टर, सेटिंग्ज, साठवलेले पासवर्ड असं सगळं त्यात असतं. ‘हेल्प’मध्ये ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’समोरचं बटण दाबलं की तो सापडतो. जागा बघून घ्या, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. सॉफ्टवेअर चालू ठेवून घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. ‘टूल्स’मध्ये ‘एक्स्पोर्ट’ आहे, पण त्याची झिप फाइल २ जीबीपर्यंतच होते. तुमच्या कार्यालयाला ती पुरेल असं वाटत नाही.

पासवर्ड या प्रतीतही जातात. त्यामुळे सेटिंग्जमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावा आणि ती डिस्क कुलपात ठेवा. प्रत घेतल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाकून ‘इम्पोर्ट’ने ती उघडते का ते बघा. हे एवढं मात्र टाळू नका.

हजारो मेलं डिलीट केली तरी डिस्क भरलेलीच. शिवाय आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. (सेवा केंद्रचालक, औसा)

थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरची सगळी मेलं एकाच मोठ्या फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवतं. तुम्ही मेल डिलीट केलं की त्यावर ‘हे गेलं’ एवढी खूण होते, मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ केलं की उरलेली मेलं नव्या फाइलमध्ये लिहिली जातात आणि तेव्हा जागा मोकळी होते. ही नवी फाइल लिहायलाही डिस्कवर जागा लागते, म्हणून आधी थोडी मोकळी करून घ्या. इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजत असेल तर हे काम हाती घेऊ नका. लोडशेडिंगची वेळ टाळून, लाइट असतानाच करा.

यादीत मेल दिसतंय पण उघडत नाही, असं झालं तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ आहे. इमॅपवर त्यात मेलं पुन्हा उतरतात, तेव्हा डेटा पॅक बघून करा.

अँटीव्हायरसचंही सांगून ठेवतो. एका मेलमध्ये व्हायरस सापडला म्हणून तो कधी कधी पूर्ण इनबॉक्सची फाइलच उचलून बाजूला ठेवतो. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये, येणारी मेलं अँटीव्हायरसला एकेक करून तपासू देण्याची खूण आहे, ती करा.

पासवर्ड बरोबर आहे, तरी जीमेलचं खातं जोडलं जात नाही. (विद्यार्थिनी, नांदेड)

गूगल आता नुसता पासवर्ड घेत नाही. ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ ‘ओऑथ२’ (गूगलच्याच पानावर लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत) करा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरसाठी. मग गूगलची खिडकी उघडेल, तिथे लॉगिन करायचं. ती उघडून अडकली तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा.

शाळेतून पाठवलेलं मराठी मेल समोरच्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतं. (शिक्षक, उदगीर)

हा दोष थंडरबर्डचा नाही. मजकूर कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेला असणार. त्या फाँटमध्ये आत रोमन अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त देवनागरी आकार दिसतो. समोरच्याकडे तो फाँट नसला की आतलं बाहेर येतं. युनिकोडमध्येच टाइप करा, त्यात देवनागरी अक्षरांना स्वतःचे कोड असतात. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मराठी कीबोर्ड असतोच, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढा सुरू करायचा. जुनी परिपत्रकं आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. त्यानंतर जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर आहे. नवं थंडरबर्ड चढत नाही. (बीड)

विंडोज ७ वर ११५ ही शेवटची आवृत्ती. त्यापुढच्या सुरक्षा दुरुस्त्या हव्या असतील तर त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा. आधी प्रोफाइल फोल्डर बाहेर काढून ठेवा. तो लिनक्सवरही चालतो, फक्त लिनक्सवरचं थंडरबर्ड तुमच्या सध्याच्या आवृत्तीपेक्षा जुनं नको.