विंगेतून : आधी पडायला शिका

प्रश्न : ताई, कोल्हापुरातल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेतर्फे यंदा राज्य नाट्यस्पर्धेसाठी एडिथ गॅरुडवर दोन अंकी नाटक बसवतोय. शंभरेक वर्षांपूर्वी लंडनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना जुजुत्सू शिकवणारी ही बाई. शेवटच्या प्रवेशात ती एकटी दहा पोलिसांना लोळवते, असं आमच्या दिग्दर्शकांच्या डोक्यात आहे. आमच्यातल्या काही मुली मर्दानी खेळ शिकलेल्या आहेत, तेव्हा लाठीही घालावी असं वाटतं. तुम्ही ज्युदो शिकवता आणि नाटकंही बसवता. हे कसं दिसेल? आणि कुणाला दुखापत होऊ नये म्हणून काय करायचं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एडिथवर मराठीत नाटक होतंय हे वाचून मला किती आनंद झाला ते कसं सांगू! माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला मी तिची गोष्ट सांगते. म्हणूनच स्पष्ट लिहिते: ते दहा पोलीस काढून टाका.

एडिथची उंची होती चार फूट अकरा इंच. तिनं दहा जणांना एका दमात लोळवलं की प्रेक्षक टाळ्या वाजवतील आणि त्याच क्षणी तिच्यावर विश्वास ठेवणं सोडून देतील. तिचं खरं काम त्याहून अवघड होतं. कधीही कुणाच्या अंगाला हात न लावलेल्या, घट्ट कॉर्सेट आणि पायघोळ झगे घालणाऱ्या बायकांना तिनं जमिनीवर पडून पुन्हा उठायला शिकवलं. तुमचं नाटक तिथे आहे.

तिची पार्श्वभूमीही नाटकाला अगदी पोषक आहे. १८७२ साली बाथ गावी जन्म, बालपण वेल्समध्ये. नवरा विल्यम व्यायामशिक्षक. जपानी कुस्तीची ही विद्या लंडनमध्ये पोचली ती रंगमंचावरूनच. जपानमध्ये राहून आलेला बार्टन-राइट नावाचा इंजिनीयर १८९९ मध्ये अल्हाम्ब्रासारख्या नाट्यगृहात त्याची प्रात्यक्षिकं करायचा, आणि ती पाहून गॅरुड नवरा-बायको या वाटेला लागले. पुढे सोहोमधल्या गोल्डन स्क्वेअरला सादाकाझू उयेनिशी या जपानी गुरूच्या शाळेत दोघं शिकले. १९०८ मध्ये गुरू इंग्लंड सोडून गेल्यावर शाळा विल्यमनं चालवायला घेतली आणि बायका-मुलांचे वर्ग एडिथकडे आले. त्याआधीच, १९०७ मध्ये, एका छोट्या मूकपटात तिनं वाटमाऱ्यांना लोळवण्याचं काम केलं होतं. थोडक्यात, ही बाई मुळात रंगमंचावरची. लोकांसमोर उभं कसं राहायचं, कुठला डाव मागच्या रांगेपर्यंत दिसतो, हे तिला कळत होतं. ते तुमच्या संहितेत यायलाच हवं.

पहिल्या अंकाचा शेवट १९०९ वर करा असं मी सुचवेन. या जोडीच्या प्रात्यक्षिकांची रीत ठरलेली होती: विल्यम बोलणार, एडिथ करून दाखवणार. मताधिकारवाल्या बायकांपुढे कार्यक्रम होता तेव्हा त्यांची नेती एमेलिन पँकहर्स्टनं तिला सांगितलं, आज बोलायचंही तूच, असं सांगतात. इतके दिवस नुसतं अंग वापरणाऱ्या बाईचा आवाज प्रेक्षक इथे पहिल्यांदा ऐकतात. नटीसाठी याहून मोठी जागा कुठली? पहिली दोन-तीन वाक्यं अडखळू द्या. मग डाव समजावता समजावता तिला सूर सापडू द्या.

आता मारामारीचं. रंगमंचावरच्या फेकीत खरं काम पडणारा करतो. फेकणारी फक्त दिशा देते. त्यामुळे तुमच्याकडचे सगळ्यात चपळ, अंगानं तयार असलेले कलाकार पोलिसांच्या भूमिकेत हवेत. हौशी संस्थांत नेमकं उलटं होतं: बिनसंवादाची भूमिका म्हणून पोलीस शेवटच्या आठवड्यात कुणालाही देतात. तसं केलंत तर कुणीतरी हात मोडून घेईल.

तालमीचे पहिले दोन आठवडे फक्त पडणं. माझ्या वर्गात नवी मुलगी आली की तोल जाताक्षणी तिचा हात मागे जमिनीकडे जातो, तळवा उघडा, कोपर ताठ. सगळं वजन मनगटावर येतं आणि मनगट जातं. ही सवय मोडायला वेळ लागतो. आधी उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची आणि मागे लवंडायचं. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, कोपरापासून तळव्यापर्यंत, अंगापासून थोडे तिरके ठेवून जमिनीवर आपटायचे. हनुवटी सुटली की डोकं मागे आपटतं, म्हणून मी मुलींना पडताना स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीकडे बघायला सांगते. बसून जमलं की उभ्यानं, मग बाजूवर, आणि त्यानंतरच जोडीदाराबरोबर. हात आपटल्याचा जो फाडकन आवाज येतो, तो नाट्यगृहात जबरदस्त पोचतो. वेगळं संगीत लागत नाही.

डाव दोनच ठेवा. एक ओ-गोशी, म्हणजे कमरेवर घेऊन टाकणं. तुमच्या कोल्हापूरच्या तालमीत ढाक मारताना पैलवान समोरच्याला कमरेवर घेतात, त्याच्या जवळ जाणारा डाव आहे. यात बुटकेपणा उपयोगी पडतो: समोरच्याच्या कमरेखाली शिरायला वाकावं लागत नाही. दुसरा, मनगट पकडल्यावर सोडवून घेण्याचा, अंगठ्याच्या बाजूनं. दुसरा डाव प्रेक्षकांत बसलेल्या मुली घरी जाऊन करून बघतील. तो शक्य तितका सावकाश दाखवा.

लाकडी रंगमंचावर सतरंजी टाकून फेका करू नका, हात जोडून सांगते. जाड गाद्या हव्यातच. त्या लपवायच्या कशा? लपवूच नका. सगळं नाटक एडिथच्या शाळेत घडवा, म्हणजे गाद्या नेपथ्याचाच भाग होतील. त्यासाठी एक प्रसंग तयारच आहे. मताधिकारासाठी खिडक्या फोडण्याच्या मोहिमेच्या दिवसांत काही बायका दगडफेक करून धावत तिच्या शाळेत यायच्या, बरोबरचं सामान जमिनीखाली दडवायच्या आणि कपडे बदलून गादीवर उभ्या राहायच्या. पोलीस दारात आला की एडिथ त्याला ठणकावून सांगायची, आत बायकांचा वर्ग चालू आहे. म्हातारपणी तिनं स्वतः सांगितलेली ही आठवण आहे. दार, गादी, धापा टाकणाऱ्या बायका आणि अवघडलेला पोलीस: अख्खा दुसरा अंक यावर उभा राहील, आणि कुणाला फेकावंही लागणार नाही.

लाठी नको. तुमच्या मुली ज्यात तरबेज आहेत ते बाजूला ठेवायला सांगताना मलाही वाईट वाटतंय. पण एक गोष्ट त्यांच्या हातात बेलाशक द्या. पँकहर्स्टच्या संरक्षक पथकातल्या बायका झग्याखाली लाकडी ‘इंडियन क्लब’ लपवून न्यायच्या. आपल्या आखाड्यातल्या मुद्गलाची ही धाकटी बहीण. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज लष्करी लोकांनी इथला व्यायाम पाहिला, तिकडे नेला, आणि पुढे तिकडच्या व्यायामशाळांत बायकाही हे हलके क्लब फिरवू लागल्या. मर्दानी खेळातल्या मुलींचं मनगट तयार असतं, त्यांना ते लगेच जमेल. एका प्रवेशात त्यांना रांगेत क्लब फिरवू द्या, व्यायाम म्हणून. पुढच्या प्रवेशात तेच क्लब झग्याखाली जाऊ द्या.

आणि प्रत्येक प्रयोगाआधी, रंगभूषा झाल्यावर, अंगावर तेच झगे आणि पायात तेच बूट घालून सगळ्या फेकांची एकदा संथ उजळणी करा. झगा पायात येतो हे तालमीच्या सलवारीत कळत नाही.

प्रश्न : या बायकांनी पोलिसांशी खरोखर मारामारी केली, की ती नुसती दंतकथा? मुलीच्या प्रोजेक्टसाठी माहिती हवी आहे. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरोखर केली. पण आधी त्यांनी बराच मार खाल्ला, ते मुलीला आधी सांगा. १८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे तीनशे बायका ब्रिटिश पार्लमेंटवर शिष्टमंडळ घेऊन गेल्या. त्यांना मत देऊ पाहणारं विधेयक सरकारनं बाजूला टाकलं होतं. कित्येक तास पोलिसांनी आणि गर्दीतल्या पुरुषांनी त्यांना ढकललं, पाडलं, नको तिथे हात लावले. इतिहासात हा दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो. महाराजा रणजितसिंहांची नात सोफिया दुलीपसिंह त्या दिवशी पुढच्या तुकडीत होती. वर्गात हे नाव नक्की घ्यायला सांगा.

एडिथचे वर्ग याच्या आधीच सुरू झाले होते. त्याच वर्षीच्या जुलैत ‘पंच’ या विनोदी इंग्रजी साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं: एक छोटीशी बाई उभी आणि समोर पोलीस घाबरून कुंपणाला लटकलेले. ‘द स्केच’ या साप्ताहिकानं तर एडिथची छायाचित्रंच छापली. लांब झगा, डोक्यावर मोठी टोपी आणि पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस तिच्या पुढ्यात आडवा. मुलीला प्रोजेक्टमध्ये चिकटवायला यातलं एखादं चित्र हवं.

खरी जुंपली १९१३ नंतर. तुरुंगात उपोषण करणाऱ्या बायका मरायला टेकल्या की सोडायचं आणि जरा सावरल्या की पुन्हा पकडायचं, असा कायदाच सरकारनं एप्रिल १९१३ मध्ये केला. लोक त्याला ‘मांजर-उंदीर कायदा’ म्हणत. पँकहर्स्टला पुन्हापुन्हा पकडू नये म्हणून तीसेक बायकांचं पथक उभं राहिलं. प्रमुख होती गर्ट्रूड हार्डिंग, मूळची कॅनडाची. शिक्षिका आपली एडिथ. पोलिसांचा माग असल्यामुळे सरावाच्या जागा गुप्त ठेवत आणि बदलत राहत.

९ मार्च १९१४ ला ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूज हॉलमध्ये सभा होती. बाहेर पोलिसांचा वेढा. पँकहर्स्ट साधं तिकीट काढून प्रेक्षक म्हणून आत शिरली आणि व्यासपीठावर जाऊन बोलायला लागली. पोलीस व्यासपीठाकडे धावले आणि कठड्याला हात घालताच किंचाळले, कारण फुलांच्या माळांमागे काटेरी तार गुंडाळलेली होती. मग हजारो लोकांसमोर क्लब आणि दंडुक्यांची मारामारी झाली. पँकहर्स्टला अटक झालीच. पण जे घडलं ते सभागृहातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून देशानं वाचलं.

लंडनमध्ये त्यांनी युक्तीही वापरली: बुरखेवाली दुसरीच बाई पँकहर्स्ट म्हणून बाहेर काढायची, पोलीस तिच्यामागे लागले की खरी निसटायची. मुलीला विचारा, यातलं शौर्य कुठल्या बाईचं जास्त? ती काय लिहिते ते मला जरूर कळवा.

प्रश्न : आपल्याकडे कर्तबगार स्त्रिया कमी आहेत का, की लंडनच्या बाईवर मराठी नाटक करावं? — एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : सर, कमी मुळीच नाहीत. पण जिच्यापासून आपल्या मुली काही शिकतील ती बाई आपलीच, असं मी मनापासून मानते. शिवाय एडिथ नुसती लंडनची राहत नाही. तिच्या शिष्यांनी ज्या मतासाठी हाडं मोडून घेतली, ते तिथे १९१८ मध्ये तिशीवरच्या ठरावीक बायकांना मिळालं आणि पुरुषांच्या बरोबरीनं १९२८ मध्ये. मधल्या काळात, १९१९ साली, मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या, त्या हिंदुस्थानातल्या बायकांच्या मताची बाजू मांडायला. या मायलेकींवर नाटक लिहाच, आणि तुमच्यासारख्या अनुभवी शिक्षकानं ते लिहिलं तर मला फार आवडेल. मात्र त्यासाठी एडिथला बाजूला सारू नका. दोन्ही नाटकं एकाच मोसमात पाहायला मिळाली तर मी नागपूरला येईन.

प्रश्न : आम्हीही याच विषयावर एकांकिका करतोय. परवानगी कुणाची लागेल? — एक महाविद्यालयीन गट, पुणे

उत्तर : एडिथ १९७१ मध्ये गेली. तिच्या आयुष्यातल्या नोंदलेल्या घटनांवर तुम्ही स्वतः लिहिलंत तर त्या घटनांसाठी कुणाची परवानगी लागत नाही. इंग्रजीत तिच्यावर नाटकं झाली आहेत. त्यातलं एखादं भाषांतरित किंवा रूपांतरित करणार असाल तर लेखकाची लेखी परवानगी आधी घ्या, नाव बदलून चालवू नका. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. प्रयोगात पिस्तुलाचा आवाज असेल तर तो ध्वनिमुद्रित वापरा. आणि कोल्हापूरकरांना दिलेलं उत्तर वाचून गाद्यांचा खर्च आत्ताच अंदाजपत्रकात धरा. कॉलेजच्या जिमखान्यात कुस्तीच्या किंवा जिम्नॅस्टिक्सच्या गाद्या असतात, क्रीडाशिक्षकांना भेटून तालमीच्या पहिल्या दिवसापासून मागून घ्या.