गुडघा सुजतो, एपीटीटी ७८ सेकंद, पण घरात कुणालाच हिमोफिलिया नाही

घरात कुणालाच नाही, तरी मुलाला हिमोफिलिया (रक्त लवकर न थांबण्याचा जन्मजात आजार) असू शकतो का, असा तुमचा प्रश्न. त्यातले आकडे आधी एकत्र मांडतो. मुलगा १४ महिन्यांचा, वजन १० किलो. चालायला लागल्यापासून गुडघा दोनदा सुजला, लस दिली तिथे मांडीत निळी गाठ आली. प्लेटलेट ३.१ लाख, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन चाचण्या: पीटी १३ सेकंद, एपीटीटी ७८ सेकंद.

रक्त कुठे साचतं आणि किती वेळाने, यावरच अर्धं निदान होतं. प्लेटलेट कमी असतील तर कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात आणि दाबले तरी ते फिके पडत नाहीत. व्हॉन विलेब्रँडमध्ये (याच नावाचं रक्तातलं प्रथिन कमी असण्याच्या आजारात) नाक, हिरड्या आणि मुलींची पाळी त्रास देते. तुमच्या मुलाचं रक्त सांध्यात आणि स्नायूत साचतंय. फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं एखादं प्रथिन, कमी असल्याचा हा नमुना आहे. पीटी नॉर्मल आणि एपीटीटी लांबलेला, म्हणजे संशय आठ किंवा नऊ नंबरच्या फॅक्टरवर, अर्थात हिमोफिलियावर. ‘रक्त पातळ आहे’ हे डोक्यातून काढा. या मुलांचं रक्त जोरात वाहत नाही, पण थांबायला फार वेळ घेतं. साधं खरचटलेलं बऱ्याचदा नीट थांबतं, म्हणून घरच्यांची फसगत होते.

घरात कुणाला नाही म्हणून हिमोफिलिया नाही, असं होत नाही. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो. तरी आईची तपासणी करून घ्या, ती वाहक असू शकते.

एपीटीटी एकदा पुन्हा करा आणि रक्त घेताना नळीकडे लक्ष ठेवा. निळ्या टोपणाच्या नळीत ०.३ मिली सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) असेल तर रक्त बरोबर २.७ मिली हवं. लहान मुलाची शीर सापडत नाही, नळी अर्धीच भरते, मग सायट्रेट जास्त होऊन आकडा उगाच वाढतो. त्यानंतर मिक्सिंग चाचणी: निरोगी माणसाचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) निम्मा मिसळल्यावर आकडा सुधारला तर फॅक्टर कमी, नाही सुधारला तर बहुधा फॅक्टरला अडवणारं काहीतरी रक्तात आहे. मग फॅक्टर ८ आणि ९ ची पातळी. १ टक्क्याखाली तीव्र, १ ते ५ मध्यम, त्यावर ४० पर्यंत सौम्य. आठ कमी आला तर व्हॉन विलेब्रँड अँटिजेनही मागा, कारण रक्तात आठला तेच प्रथिन सांभाळतं.

उपचारात कमी असलेला फॅक्टरच शिरेतून देतात, म्हणून आठ की नऊ, हे नक्की कळल्याशिवाय डोस ठरत नाही. किलोला १ युनिट दिलं की आठची पातळी २ टक्के वाढते, नऊची जेमतेम १. सांध्यासाठी ४० टक्के गाठायचे असतील तर १० किलोला आठचे २०० युनिट, नऊचे ४००. आठची २५० ची बाटली असेल तर उरलेलं ओतून देत नाहीत, पूर्ण बाटली देतात. बाटली हलकेच फिरवून विरघळवायची, खळखळून हलवायची नाही. नेमका डोस रक्तविकारतज्ज्ञच ठरवतील, पण हिशोब तुम्हालाही यायला हवा.

सूज दिसायच्या आधी मूल तो पाय टेकवत नाही, सांधा कोमट लागतो. तिथेच फॅक्टर द्यायचा. सोबत फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं आणि पायाला विश्रांती. आजीचं तेल लावून चोळणं पूर्ण बंद, त्याने रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नाही. स्नायूतलं इंजेक्शन टाळा. लसी चुकवू नका, पण बारीक सुईने, शक्यतो कातडीखाली घ्या आणि नंतर किमान ५ मिनिटं न चोळता दाबून धरा.

वाचणाऱ्या इतरांसाठी: बाळाची नाळ पडल्यावर रक्त झिरपत राहिलं आणि पीटी, एपीटीटी, प्लेटलेट सगळं नॉर्मल आलं, तर फॅक्टर १३ ची वेगळी चाचणी मागा. नेहमीच्या चाचण्यांत तो सापडत नाही. मामाच्या मुलीशी, म्हणजे जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत हा दोष जास्त दिसतो, तिथे तर हे आवर्जून बघावं.

आणि डोक्याला मार लागला तर टेंगूळ आलंय का, उलटी होतेय का, याची वाट बघायची नाही. आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन.