कॅलगरीत ट्रेलर ओढायला टू-व्हील की फोर-व्हील?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये बायको-मुलांसह कॅलगरीला येताय, उन्हाळ्यात कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायला जुना पिकअप घ्यायचाय, आणि टू-व्हील ड्राइव्ह (इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं) स्वस्तात मिळत असताना चारही चाकं फिरवणाऱ्या फोर-व्हीलला जास्तीचे पैसे का मोजायचे. घरात गाडी एकच असणार असेल तर फोर-व्हीलच घ्या. पण ट्रेलर ओढायला ती लागते म्हणून नाही.

कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढायचं काम मागची चाकं एकटी चोख करतात. तुम्ही सांगलीकडचे, उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला पुढून उचललेला पाहिलाच असेल. इथंही तोच प्रकार. ट्रेलरच्या दांडीचा भार हुकावर येतो, मागची चाकं रस्त्यावर दाबून बसतात आणि पुढची हलकी होतात. उलट फोर-व्हीलची जादा यंत्रणा साधारण शंभर किलोची. तेवढं वजन तुमच्या सामानाच्या वाट्यातून जातं.

तो वाटा ज्यातून जातो तो पेलोड, म्हणजे माणसं, सामान आणि हुकावरचा भार मिळून गाडी पेलू शकते ते वजन, आणि नवी माणसं इथंच फसतात. विकणारा 'चार हजार किलो ओढते' म्हणून सांगेल. तुम्ही ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचं स्टिकर वाचा. समजा त्यावर 680 किलो आहे आणि तुमचा भरलेला ट्रेलर 2700 किलोचा. दांडीचा भार ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे 340 धरा. चौघांचे 250, हुकाचं सामान 40. उरले 50 किलो. त्यात कूलर, सायकली आणि जळाऊ लाकडं कुठे बसवणार? हा हिशेब आधी करा, चाकांचा विचार नंतर.

मग फोर-व्हील कशाला? शेवटच्या शंभर मीटरसाठी. माझा पहिला पिकअप टू-व्हील होता. मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला आम्ही कॅनानास्किसला, म्हणजे कॅलगरीजवळच्या डोंगराळ भागात, गेलो. रात्री पाऊस, पहाटे ओला बर्फ. सकाळी निघताना उजवं मागचं चाक जागीच गरगरलं, गवताची साल निघाली, खाली काळा चिखल, आणि पाच मिनिटांत चाक रिमपर्यंत रुतलं. मुलं झाडाखाली कुडकुडत उभी. शेजारच्या जागेवरच्या गृहस्थानं त्याच्या फोर-व्हीलला पट्टा लावून आम्हाला बाहेर काढलं. ओल्या रॅम्पवरून बोट वर घेताना किंवा खडीच्या चढावर ट्रेलर मागे घेताना फोर-लो (चारही चाकं हळू पण जास्त जोरानं फिरवणारा गिअर) असंच उपयोगी पडतं.

दुसरं कारण हिवाळा. ट्रेलर उभा असतो, मागचा हौदा रिकामा असतो, आणि हलक्या बुडाचा टू-व्हील सिग्नलवर बर्फात जागेवरून हलत नाही. लोक हौद्यात वाळूची पोती टाकतात. त्यानं भागतं, पण रोज कामावर जाणाऱ्याला ती कटकटच.

एक मात्र नीट समजून घ्या. फोर-व्हील गाडी पुढे नेते, थांबवत नाही. ब्रेक टायरच्या पकडीवर लागतो. अल्बर्टात, म्हणजे कॅलगरीच्या प्रांतात, विंटर टायरची सक्ती नाही, तरी चारही घ्याच. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात बहुतेक डोंगरी रस्त्यांवर 1 ऑक्टोबरपासून ते कायद्यानंच लागतात. लेक लुईस सोडून किकिंग हॉर्स खिंडीतून (1627 मीटर) फील्ड गावाकडे उतरताना ट्रेलर गाडीला मागून ढकलू लागतो. तिथं खालचा गिअर आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक हेच तुम्हाला सांभाळतात. ब्रेक कंट्रोलर (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) बसवलेला नसेल तर ट्रेलर जोडूच नका.

अजून एक. साधं फोर-हाय, म्हणजे चारही चाकं नेहमीच्या वेगानं फिरवणारा मोड, कोरड्या रस्त्यावर लावायचं नसतं. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, यंत्रणा मात्र पुढच्या-मागच्यांना एकाच वेगानं फिरवते, आणि ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येतो. इथं चिनूक, म्हणजे डोंगरावरून येणारा उबदार वारा, सुटला की सकाळचा बर्फ दुपारपर्यंत वितळून रस्ता कोरडा होतो, त्यामुळे बटण परत टू-हायवर (फक्त मागची चाकं) आणायची सवयच लावून घ्या. गरजेप्रमाणे आपोआप फोर-व्हील लावणारा ऑटो मोड असलेली मिळाली तर थोडे जास्त द्या, पैसे वाया जाणार नाहीत.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा खडीच्या रस्त्यावर घेऊन जा. फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही लावून हळूहळू थोडं पुढे-मागे करा. खडखड आली किंवा दिवा लुकलुकत राहिला, तर ती गाडी सोडा. मार्चमध्ये या, बघायला मी बरोबर येतो.